शेपटीवर बाण मारणारी धनू रास, आणि चांदी जडवलेलं पितळ

अधांतरी

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे लंडनला होतो. एका शनिवारी पाऊस लागला म्हणून ब्रिटिश म्युझियममध्ये शिरलो, ममी बघायला. तिथे गणपतीत लालबागला असते तशी गर्दी. कंटाळून वाट फुटेल तिकडे गेलो आणि इस्लामी कलेच्या दालनात जाऊन पोचलो. एका काचेच्या पेटीत काळपट पिवळं, बैठक असलेलं, झाकणाचं भांडं होतं. अंगभर चांदीची नक्षी. आधी वाटलं बिदरी, म्हणजे काळ्या धातूवर चांदी जडवलेलं ते बीदरचं काम! आजोबांचा बिदरी पानडबा आमच्या घरी अजून आहे, त्यामुळे डोळा तिकडेच गेला. पाटी वाचली तर नाव 'व्हॅसो व्हेस्कोव्हाली', मुलूख खुरासान, काळ साधारण इ.स. १२००. म्हणजे इराणचा ईशान्य भाग आणि आजच्या अफगाणिस्तानातलं हेरात वगैरे.

भांड्यावर गोल, गोलांत राशी. सिंह, खेकडा, विंचू असं एकेक ओळखत गेलो आणि धनूपाशी अडकलो. वरून माणूस, खालून जनावर, हातात धनुष्य, इथवर ठीक. पण हा पठ्ठ्या मागे वळून स्वतःच्याच शेपटीवर नेम धरून बसलाय! शेपटीच्या टोकाला नागासारखं तोंड आहे आणि ते जबडा वासून त्याच्याकडे बघतंय.

हे काय प्रकरण आहे? कुणाला माहीत असेल तर सांगा. जाता जाता आणखी एक बाळबोध शंका. चांदी परवडत होती तर अख्खं भांडंच चांदीचं का नाही केलं? आणि परवडत नव्हती तर एवढी मेहनत काशा-पितळेवर का घेतली?

चिंचोका

धनू राशीची माणसं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात हे आमच्या सासूबाई कधीच्या सांगतायत. आता पुरावा मिळाला. प्रिंट काढून फ्रिजवर लावणार.

माईकाकू

माझी धनू रास. चिंचोका, सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि तू जरा जपून राहा.

रोखठोक

दुसऱ्या शंकेचं उत्तर सोपं आहे. गरिबाची चांदी. एक ग्रॅम सोन्याचे दागिने असतात ना लग्नात, तसंच. लांबून सगळं चांदीचं वाटावं, खर्च पितळेचा व्हावा. म्युझियमवाले मोठमोठे शब्द वापरतात, पण मुळात हे बेगडच.

मठारकाम

रोखठोक, तुमचे प्रतिसाद एरवी आवडीने वाचतो, पण इथे हात जोडतो. आमच्या तीन पिढ्या तांब्यापितळेचे ठोके घालण्यात गेल्या. मी आता दुकानात बसतो, तरी लहानपणी वडलांच्या शेजारी भाता मारलेला आहे.

बेगड चिकटवतात. मुलामा वरून चढवतात, घासला की जातो. या भांड्यांवर चांदी *बसवलेली* असते. आधी पितळेवर नक्षीची रेघ मारायची. मग रेघेच्या आतली जागा छिन्नीने खरवडून किंचित खाली घ्यायची आणि तिचा तळ मुद्दाम खडबडीत ठेवायचा. कडा आतल्या अंगाने पोखरायची, म्हणजे खाच वर अरुंद आणि आत रुंद होते. आता चांदीचा पातळ पत्रा त्याच आकारात कापा, खाचेत ठेवा, हलक्या हाताने ठोका. चांदी मऊ असते, ती पसरते आणि पोखरलेल्या कडेखाली जाऊन बसते. वरून पितळेची कडाही दाबून घेतात. डिंक नाही, डाग देऊन जोडणं नाही, काही नाही. धातूने धातूला धरून ठेवलेलं असतं. बारीक रेघ असेल तर पत्र्याऐवजी तार.

एवढ्यावर संपत नाही. बसलेल्या चांदीवर पुन्हा कोरायचं: डोळे, बोटं, कपड्यांच्या चुण्या, पक्ष्यांची पिसं. नखाएवढ्या चेहऱ्याला नाकडोळे. मग मोकळ्या पार्श्वभूमीत काळा लेप भरायचा, म्हणजे चांदी उठून दिसते. आणि हे सगळं सपाट ताटावर नाही, गोल पोटाच्या भांड्यावर!

एक ग्रॅम सोनं म्हणे. एवढ्या मजुरीत त्या काळी घर झालं असतं.

चिंचोका

मठारकाम यांना दंडवत. रोखठोक यांना कल्हई करून मिळेल.

रोखठोक

मेहनत होती, मान्य. मेहनत तर रांगोळीतही असते. माझा मुद्दा ऐपतीचा आहे. राजाला चांदीचं ताट, व्यापाऱ्याला चांदी लावलेलं पितळ. चूक असेल तर दाखवा.

कलमदान

धागा उशिरा पाहिला. पदव्युत्तर अभ्यासाच्या दोन वर्षांत या भांड्यांवर डोळे फोडलेत, तेव्हा जरा लांबण लावते.

रोखठोक, तुम्ही अर्धे बरोबर आहात. ही भांडी घेणाऱ्यांत व्यापारी होतेच. या कलेतली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातली 'बॉब्रिन्स्की बादली'. बॉब्रिन्स्की हा तिचा नंतरचा मालक, रशियन काउंट. त्याने ती १८८५ मध्ये बुखाऱ्यात विकत घेतली. मूळची ती हेरातची. तारीख हिजरी ५५९ चा मुहर्रम महिना, म्हणजे डिसेंबर ११६३. उंची जेमतेम १८ सेंटिमीटर. बादली म्हणायचं, पण आपल्या तांब्यापेक्षा थोडी मोठी एवढंच. जडावकाम तांब्याचं आणि चांदीचं, म्हणजे पिवळ्यावर लाल आणि पांढरं. त्यात घोडेस्वार, वाद्यं वाजवणारे, दारूचे पेले घेऊन बसलेले, सोंगट्या खेळणारे.

आणि तिच्यावर चार माणसांची नावं आहेत. कुणी बनवून घेतली: अब्दुर्रहमान इब्न अब्दुल्ला अर्रशीदी. कुणी ओतली: मुहम्मद इब्न अब्दुल वाहिद. कुणी नक्षी केली: हाजिब मसूद इब्न अहमद, हेरातचा नक्काश. कुणासाठी: ख्वाजा रुक्नुद्दीन, झंजानचा व्यापारी. ओतणारा वेगळा, नक्षी करणारा वेगळा, आणि दोघांचीही सही! बेगडावर कुणी स्वतःचं नाव घालतं का?

त्या व्यापाऱ्याच्या नावाआधीच्या पदव्या तर वाचाच. 'व्यापाऱ्यांचा अभिमान, मुसलमानांचा विश्वासू, हज आणि दोन्ही पवित्र स्थानांचं भूषण.'

चिंचोका

आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर एवढंच असतं, फक्त शेवटी 'शुभेच्छुक: समस्त मित्र परिवार' राहिलं.

कलमदान

खिक्. पण प्रकार खरंच तोच आहे.

आता अख्खी चांदी का नाही याबद्दल. काही अभ्यासक म्हणतात त्या शतकांत त्या भागात चांदीचाच तुटवडा होता. काही जण बोट दाखवतात हदीसकडे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांकडे, सोन्याचांदीच्या भांड्यांतून खाऊपिऊ नये या शिकवणीकडे. मला दोन्ही कारणं पुरेशी वाटत नाहीत. तुटवडा होता तर ही कला नेमकी तेव्हाच का बहरली? आणि मनाई असूनही चांदीची भांडी होत होतीच, थोडीफार आजही शिल्लक आहेत. बाकीची गेली कुठे? वितळली. अडचण आली की चांदीचं भांडं मोडता येतं. पितळेचं भांडं मोडून हाती काय लागणार? म्हणून पितळ टिकलं आणि आपल्याला वाटतं की सगळे पितळच वापरत होते.

ऐपतीचं म्हणाल तर वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात हिजरी ६०७ ची (१२१०-११) एक पितळी कलमदानी आहे. घडवणाऱ्याची सही 'शाझी'. ज्याच्यासाठी केली तो मज्दुल्मुल्क अल्मुजफ्फर, तेव्हाच्या तिकडच्या सुलतानाचा, ख्वारज्मशहाचा, वजीर. वजिराला चांदीची कलमदानी परवडली नसती असं नाही ना. (आयडीचं गुपित आज फुटलं.)

रोखठोक

वजिराचा दाखला बिनतोड आहे. 'बेगड' मागे घेतो. 'गरिबाची चांदी'वर अजून विचार चालू आहे.

मठारकाम

कलमदानताई, ओतणारा आणि नक्षीवाला वेगळे, हे आमच्याकडेही तसंच. ओतारी वेगळे, तांबट वेगळे. ओतारी साच्यात रस ओततो, तांबट पत्र्याला ठोकून आकार देतो. एकमेकांच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नाही.

ही भांडी सगळी ओतीवच असायची का?

कलमदान

नाही, आणि हे तुम्हाला आवडेल. बादली ओतीव आहे. पण ११८० च्या आसपास हेरातकडे उंच मानेच्या झाऱ्या बनू लागल्या. त्या पितळी पत्र्याच्या, ठोकून घडवलेल्या. पोटाला उभ्या पाकळ्या पाडलेल्या, खांद्यावर सिंह नाहीतर पक्षी उठावात काढलेले. ते वेगळे करून डकवलेले नाहीत, त्याच पत्र्यातून बाहेर काढलेत.

मठारकाम

त्याच पत्र्यातून? पुढे आलेले पक्षी?

बाई, पत्रा तिथे ताणून कागदासारखा पातळ होतो. सारखं तापवून नरम करत राहावं लागतं. जरा ठोका चुकला की फाटला. आणि झारीच्या अरुंद तोंडातून आत हत्यार घालून बाहेर ठोकायचं म्हणजे... मी आज झोपत नाही.

कलमदान

झोपू नकाच. त्यातली एक झारी तिबिलिसीला आहे, जॉर्जियात. हिजरी ५७७, म्हणजे ११८१-८२. करणारा महमूद इब्न मुहम्मद, हेरातचा. तिच्यावर फारसी कविता कोरलीय आणि कवितेत झारी स्वतःचीच स्तुती करते. अशी झारी आज जगात कुणापाशी आहे, जो बघतो तो म्हणतो हिला जोड नाही, अशा थाटात. हिच्यातून हातावर पडणारी धार म्हणजे जिवंत पाणी, असंही म्हटलंय. म्हणजे ही हात धुवायची झारी. खाली तस्त धरायचं, वरून झारीने पाणी घालायचं.

माईकाकू

तस्त! आमच्या माहेरी जेवणानंतर पाव्हण्यांचे हात धुवायला तस्तच आणायचे. पितळी, वर जाळीची ताटली. हा शब्द तिकडचा होय?

कलमदान

हो काकू, फारसी 'तश्त'. तबक, सुरई, शमादान, कलमदान ही सगळी तिकडचीच मंडळी. 'नक्षी'सुद्धा. बादलीवर त्या मसूदच्या नावापुढे 'अन्नक्काश' आहे.

याहून गंमत म्हणजे भांड्यांवरचा मजकूर. बहुतेकांवर अरबीत आशीर्वादांची माळ असते: अल्-इज्ज, वल्-इक्बाल, वद्-दौला, वस्-सलामा, वल्-बरका... आणि शेवटी लि-साहिबिही, म्हणजे 'याच्या मालकाला'. वाचून बघा. इज्जत, दौलत, सलामत, बरकत, साहेब. मराठी माणसाला अर्धा लेख भाषांतराशिवाय कळतो. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वर्गात एकटीच हसत होते. सरांनी विचारलं काय झालं, काय सांगणार, की साहेबाला बरकत येवो म्हणून?

चिंचोका

म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या भांड्यावर 'साहेबांना सलामत, दौलत' आणि आमच्या स्टीलच्या डब्यावर 'सौ. सुमनताईंकडून चि. प्रियाला, २३-५-९४'. परंपरा अखंड आहे.

क्लीव्हलंडकर

भांड्यांवरच्या मजकुराचा विषय निघाला म्हणून लॉग-इन केलं, पासवर्ड बदलून. अमेरिकेत आमच्या क्लीव्हलंडच्या कला संग्रहालयात 'वेड कप' नावाचा एक लहान पेला आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, इराणी, पितळेवर चांदी. इथे आलेला प्रत्येक पाहुणा मी तिथे नेतो (बायको म्हणते, म्हणून पाहुणे परत येत नाहीत).

त्याच्यावरची अक्षरं माणसांची आहेत. म्हणजे अक्षरांचे उभे दांडे म्हणजेच माणसांची अंगं, वर डोकी, हातात काहीबाही, आडव्या रेघांमधून जनावरं पळतायत. लांबून वाटतं जत्रेचं चित्र आहे. जवळ जाऊन सांगितल्यावर कळतं की हे वाचायचंय. आशीर्वादच आहेत, कलमदान म्हणतात तसे. पण अरबी येणारा माझा सहकारी दहा मिनिटं वाकून बघत होता आणि शेवटी म्हणाला, "पहिला शब्द बहुतेक 'इज्ज' आहे."

कलमदान

याची सुरुवातीची उदाहरणं त्या बॉब्रिन्स्की बादलीवरच आहेत. एका पट्ट्यात अक्षरांना नुसती डोकी, दुसऱ्यात अक्षरांची पुरती माणसंच झालेली. मजकूर सगळ्यांना पाठ होता, म्हणून कारागिराने तो वाचता येण्याची फिकीर सोडली असावी असं मला वाटतं. आपण 'श्री' कसंही काढलं तरी ओळखतो, तसं.

बीदरचा जावई

धाग्यात बिदरीचं नाव आलं म्हणून. सासुरवाडीत शेजारी दोन घरं कारागिरांची आहेत, त्यामुळे पाहिलेलं सांगतो. बिदरीत भांडं जस्ताचं असतं, त्यात थोडं तांबं. ओतून झालं की मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरलेली रेघ चमकून दिसते. मग कोरणं, तार नाहीतर पत्रा ठोकून बसवणं (तारकशी आणि तहनिशान म्हणतात), घासणं. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात भांडं फिरवायचं. जस्त कुळकुळीत काळं होतं, चांदीला काहीच होत नाही. कारागीर ती माती जिभेवर ठेवून पारखतात. मीही ठेवून पाहिली, जावई म्हणून मान राखायला. खारट लागते. पुढचं विचारू नका.

छत्रपती संभाजीनगरातही बिदरी करणारे आहेत. अधांतरी, आजोबांचा डबा कुठला ते विचारून घ्या.

मठारकाम

वा. म्हणजे तिकडे काळा लेप भरायचे, इकडे भांडंच काळं करतात. आणि तिकडे पितळ, इकडे जस्त. जस्त तर पितळेत पण लागतंच.

कलमदान

लागतं, पण तेव्हा इराणात निव्वळ जस्त हाताशी नव्हतं. तांब्याबरोबर जस्ताची खनिज भुकटी मुशीत बंद करून तापवायची, वाफ तांब्यात मुरते आणि पितळ होतं. या रीतीने जस्त साधारण २८ टक्क्यांच्या वर जात नाही. त्या भुकटीला 'तूतिया' म्हणत. ती इराणातल्या किरमानकडे व्हायची. मार्को पोलोनेही कुहबनानला ती करताना पाहिल्याचं वर्णन आहे, डोळ्यांचं औषध म्हणून. शब्द संस्कृत 'तुत्थ'वरून गेलाय.

उगमशोधक

बघा! शब्द आपला. जस्त वेगळं काढण्याची विद्या आपली, राजस्थानात जावरला. बिदरी आपली. म्हणजे ही कला आपल्याकडूनच इराणात गेली हे उघड आहे, फक्त कुणी म्हणायचं नाही. हर्मिटाजमध्येच १२०६ ची एक धातूची गाय आहे, वासराला पाजतेय. तिला वशिंड आहे. वशिंड! अजून काय पुरावा पाहिजे?

कलमदान

ती गाय सुंदर आहे, आठवण केलीत बरं झालं. पाण्याची झारीच आहे ती. पाठीवर चढलेला सिंह वशिंडाला चावतोय आणि खाली वासरू निवांत दूध पितंय. तिच्यावर कोरलेल्या लेखात अभिमानाने लिहिलंय की गाय, वासरू आणि सिंह तिन्ही एकाच वेळी ओतले. पण वशिंडाची गुरं इराणातही आहेत, सीस्तानची जात प्रसिद्ध आहे. आणि बिदरीचे हाती असलेले जुने नमुने सतराव्या शतकाच्या आसपासचे. हेरातची बादली ११६३ ची. मुलगा बापाआधी कसा जन्मेल? उलट इराणी कारागिरांनी ही रीत दख्खनला आणली, असंच परंपरा सांगते.

संपादक

उगमावरून यापूर्वी तीन धागे बंद करावे लागलेत. सगळ्यांनी पाणी प्या. झारीतून.

बोरूबहाद्दर

वाचतोय. हेरातवर चंगीझखानाचा मुलगा १२२१ मध्ये चालून गेला, पुढच्या वर्षी शहर कापून काढलं. तिथले कारागीर इराकातल्या मोसुलला पळाले आणि तिकडे ही कला सुरू झाली, असं कुठेतरी वाचलंय.

कलमदान

काही जण गेले असतील. पण सगळं श्रेय मंगोलांना देता येत नाही. इस्माईल इब्न वर्द नावाच्या मोसुलच्या कारागिराची पितळी डबी अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयात आहे, तिच्यावर हिजरी ६१७ ही तारीख आहे, म्हणजे १२२०. हेरात पडायच्या आधीची. तोवर मोसुलात उस्ताद आणि शागीर्द तयार होते. अधांतरी, त्याच दालनात मोसुलची १२३२ ची 'ब्लाकास झारी' होती. पाहिलीत का?

अधांतरी

पाहिली असावी. खरं सांगतो, धनूपाशीच अर्धा तास गेला आणि मग गार्ड म्हणाला पाच मिनिटं उरली.

धागा एवढा वाढेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिलाय हो. तो शेपटीवर बाण का मारतो?

माईकाकू

मी कधीची थांबलेय, कुणी विचारेल म्हणून. बाळा, तुझ्याकडे फोटो असतील तर उघडून ठेव. मी इथे बसून सांगते, तू ताडून बघ. सिंहाच्या पाठीमागे सूर्य आहे का? खेकड्याच्या नांग्यांत किंवा अंगावर गोल चंद्र आहे का? मेंढ्यावर कुणी शस्त्र घेऊन बसलंय का?

अधांतरी

काकू!! सूर्य आहे, किरणांसकट. चंद्र आहे. मेंढ्यावर माणूस बसलाय, हातात तलवार असावी, फोटो हललाय.

माईकाकू

बैलावर बसून कुणीतरी वीणा नाहीतर तसलं काही वाजवतंय. आणि कुंभेत घडा घेतलेली बाई नाही, विहिरीवर पाणी शेंदणारा कुणी आहे.

अधांतरी

बैलावर तंतुवाद्यवाला आहे. विहीरही आहे. तुम्ही लंडनला कधी गेला होतात?

माईकाकू

मी कल्याणच्या पुढे फारशी गेले नाही. अरे, हे राशीस्वामी आहेत. सिंहेचा रवी, कर्केचा चंद्र, मेषेचा मंगळ म्हणून शस्त्र, वृषभेचा शुक्र म्हणून गाणंबजावणं, कुंभेचा शनी. तुझ्या त्या कारागिराने नुसती रास नाही काढली, घरमालकालाही घरात बसवलंय.

आता धनू. स्वामी गुरू. पण शेपटीला सापाचं तोंड म्हटल्यावर मला एकच सुचतं. केतू. नुसतं शेपूट असलेला ग्रह तो. केतू धनूत उच्चीचा आणि राहू मिथुनेत. आता तिकडचे लोक केतूला काय म्हणतात ते कलमदान सांगेल.

चिंचोका

मी उभं राहून टाळ्या वाजवतोय. बॉस केबिनमधून बघतोय.

कलमदान

काकू, साष्टांग. मला हे समजायला एक सत्र आणि जाडजूड लेख लागला होता.

तिकडे त्याला 'जौजहर' म्हणतात. ग्रहणं घडवणारा अजगर. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे याचं डोकं आणि शेपूट, आपले राहू-केतू. त्यांना सात ग्रहांच्या पंगतीत आठवा म्हणून बसवलं. डोक्याचं उच्चस्थान मिथुन, शेपटीचं धनू, काकू म्हणाल्या तसंच. म्हणून धनूच्या शेपटीतून अजगर निघतो आणि धनुर्धर त्यालाच मारायला वळतो. स्वतःला नाही, ग्रहणाला.

उगमशोधक

मी फक्त एवढंच म्हणतो: राहू-केतू.

रोखठोक

घ्या, हे राहू-केतू तुम्हाला दिले. पण राशी आणि त्यांचे स्वामी आपल्याकडे ग्रीकांकडून आले, ते परत करा. म्हणजे ग्रीक राशी, हिंदुस्थानी राहू-केतू, इराणी अजगर, अरबी आशीर्वाद, आणि सगळं हेरातच्या पितळेवर. 'गरिबाची चांदी'ही मागे घेतो. एवढं सगळं चांदीवर केलं असतं तर कुणीतरी वितळवून बांगड्या केल्या असत्या.

बोरूबहाद्दर

शंका: आमचे गुरुजी राहू वृषभेत उच्चीचा मानतात, केतू वृश्चिकेत.

माईकाकू

मतभेद आहेत. तुमच्या गुरुजींच्या मते भांडं केलं असतं तर विंचवाला दोन नांग्या काढाव्या लागल्या असत्या. आहे तेच बरं.

मठारकाम

मी ती पाकळ्यांची झारी डोक्यातून काढू शकलो नाही. काल वडलांना दाखवली. वय ८१, मोतीबिंदू. फोनवर बोटाने मोठी करून करून बघितली, पक्ष्यापाशी थांबले. म्हणाले, "आत राळ भरून बाहेरून केलं असणार, आणि तापवताना दर वेळी राळ काढली असणार." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "याचा उस्ताद मारकुटा असणार."

अधांतरी

आता मिथुनेचा फोटो मोठा करून बघतोय. दोन माणसं आहेत, मध्ये काठीसारखं काहीतरी, आणि काठीच्या वर एक गोळा. चेहरा आहे की काय? काकू, हा राहू का?

माईकाकू

फोटो टाक.

अधांतरी

टाकतो. हललाय पण.

चिंचोका

ममी बघायला गेला होतात ना? त्या हलत नाहीत.